एक शब्दही न बोललेला बाप

रमजान चांद्र पंचांगाप्रमाणे चालतो, म्हणून दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. असा सरकत सरकत तो गेल्या काही वर्षांत मार्च महिन्यात येऊन पोहोचला आणि ख्रिस्ती बांधवांच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळाशी त्याची गाठ पडली. एकाच गल्लीत एका घरी सहरीसाठी पहाटे दिवा लागतो आणि शेजारच्या घरी शुक्रवारी मटण शिजत नाही. २०२४ आणि २०२५ या दोन्ही वर्षी १९ मार्च ही तारीख रमजानमध्येच आली. मुसलमान घरांत तो दिवस इतर रोजांसारखाच गेला. चर्चमध्ये मात्र त्या दिवशी एका सुताराचा सण होता.

या सुताराचे नाव योसेफ. इंग्रजीत जोसेफ, पोर्तुगीज वळणाने गोव्यात जुझे, अरबी-उर्दूत यूसुफ. मरिया यांचे पती आणि येशू ख्रिस्त यांचे या जगातले पालक. त्यांच्या नावाची चर्च, शाळा, इस्पितळे जगभर आहेत, आपल्याकडेही आहेत. १६५१ मध्ये गोव्यात जन्मलेले आणि श्रीलंकेत आयुष्य वेचलेले संत जोसेफ वाझ यांचे नावही याच परंपरेतले. एवढा मान असूनही बायबलच्या नव्या करारात या माणसाच्या तोंडी एकही वाक्य नाही. मरिया बोलतात, देवदूत बोलतो, हेरोद राजा बोलतो, रानातले मेंढपाळ बोलतात. योसेफ गप्प आहेत. त्यांना जे सांगायचे ते त्यांनी हातापायांनी सांगितले.

रमजानच्या दिवसांत त्यांची आठवण काढायची ती एका प्रश्नासाठी. बाप कशाने होतो? रक्ताने, नावाने की राखणीने? ख्रिस्ती परंपरेने योसेफ यांच्या रूपाने या प्रश्नाचे उत्तर दोन हजार वर्षे जपले आहे. ते उत्तर आपल्या शहरातल्या अनेक घरांच्या उपयोगाचे आहे, मग त्या घराच्या दारावर चाँदतारा असो, तोरण असो की क्रूस.

स्वप्नाआधीचा निर्णय

योसेफ यांची गोष्ट मुख्यतः मत्तय आणि लूक या दोन शुभवर्तमानांच्या पहिल्या दोन-दोन अध्यायांत येते. मार्कच्या शुभवर्तमानात त्यांचे नावदेखील नाही. मत्तय सांगतो ते असे. मरिया यांचे योसेफ यांच्याशी वाग्दान झाले होते. आपल्या भाषेत साखरपुडा म्हणावा, पण त्या काळच्या ज्यू रिवाजात त्याचे बंधन लग्नाइतकेच पक्के असे. ते मोडायचे तर सूटपत्र द्यावे लागे. लग्न होऊन घरी येण्यापूर्वीच मरिया गरोदर असल्याचे कळले. मूल आपले नाही, हे योसेफ यांना पक्के ठाऊक होते.

अशा वेळी पुरुषाच्या हातात बरेच काही होते. मोशेच्या नियमशास्त्रात वाग्दान झालेल्या मुलीच्या अशा अपराधाला दगडमाराची शिक्षा सांगितली आहे. तेवढे टोक गाठले नाही, तरी चारचौघांत आरोप करून स्वतःची अब्रू राखता आली असती. गाव त्यांच्याच बाजूने उभे राहिले असते. मत्तय म्हणतो, योसेफ नीतिमान होते आणि मरियाची बेअब्रू करण्याची त्यांची इच्छा नव्हती, म्हणून त्यांनी गुपचूप सूटपत्र देण्याचे ठरवले.

इथे क्रम नीट पाहण्यासारखा आहे. देवदूत स्वप्नात येतो तो यानंतर. हे गर्भारपण ईश्वरी आहे, मरियाला घरी आणायला भिऊ नकोस, हे योसेफ यांना नंतर कळते. म्हणजे तिला बदनाम करायचे नाही, हा निर्णय त्यांनी केला तेव्हा त्यांच्या समजुतीप्रमाणे त्यांची फसवणूक झालेली होती. सत्य कळल्यावर दया दाखवणे सोपे असते. मनात संशय असताना, दुखावलेले असताना जीभ आवरणे फार अवघड. शुभवर्तमान त्यांना नीतिमान म्हणते, ते याच ठिकाणी.

स्वप्नात त्यांना आणखी एक काम सांगितले गेले, ते म्हणजे मुलाचे नाव येशू ठेवायचे. हे काम वरवर किरकोळ वाटते. पण ज्यू समाजात पुरुषाने मुलाचे नाव ठेवणे म्हणजे ते आपले म्हणून स्वीकारणे. दावीद राजाच्या घराण्याशी येशूंचे नाते मत्तय जोडतो ते योसेफ यांच्या वंशावळीतून, रक्ताचा संबंध नसताना. मराठीत 'नाव ठेवणे' आणि 'नावे ठेवणे' यांत एका मात्रेचा फरक आहे. गाव नावे ठेवायच्या बेतात असताना योसेफ यांनी मुलाचे नाव ठेवले.

रात्रीचा प्रवास आणि दिवसाचे काम

मत्तयाच्या शुभवर्तमानात योसेफ यांना चार स्वप्ने पडतात आणि प्रत्येक स्वप्नानंतर ते उठून कामाला लागतात. पहिल्यानंतर मरियाला घरी आणतात. दुसऱ्यात इशारा मिळतो की हेरोद राजा मुलाच्या जिवावर उठला आहे, तेव्हा ते त्याच रात्री आई आणि बाळाला घेऊन मिसरची वाट धरतात. तिसऱ्यात हेरोद मेल्याचे कळते आणि परत फिरतात. यहुदियात हेरोदाचा मुलगा अर्खेलाव गादीवर बसल्याचे ऐकून तिकडे जायला ते भितात. चौथ्या स्वप्नात सूचना मिळते आणि ते गालीलातल्या नाझरेथमध्ये बिऱ्हाड करतात. हा माणूस भितो, हे शुभवर्तमान लपवत नाही. भीती वाटत असतानाही मुलाला सुरक्षित जागी पोहोचवतो, हेही सांगते.

मिसरमधल्या या मुक्कामाची आठवण तिथल्या कॉप्टिक ख्रिस्ती समाजाने आजवर जपली आहे. जुन्या कैरोतील अबू सर्गा चर्चच्या तळघरात पवित्र कुटुंब राहिले होते, अशी श्रद्धा आहे. मतरिया भागात मरियाचे झाड दाखवतात. उत्तर मिसरपासून वरच्या मिसरमधील मुहर्रक मठापर्यंत या प्रवासाच्या खुणांची साखळीच आहे. राजाच्या तलवारीपासून मूल वाचवण्यासाठी परमुलखात आसरा घेणारे हे निर्वासित कुटुंब होते, हे तिथे गेल्यावर विसरता येत नाही.

घरची परिस्थितीही बेताचीच. बाळाला मंदिरात नेले तेव्हा पक्ष्यांचे अर्पण केले, असे लूक सांगतो. नियमशास्त्राप्रमाणे ज्याला कोकरू परवडत नसे, त्याने दोन पारवे किंवा होले आणायचे असत. एवढ्या एका तपशिलातून त्या घराची मिळकत कळते.

योसेफ यांच्या धंद्यासाठी मूळ ग्रीकमध्ये 'टेक्टोन' हा शब्द आहे. त्याचा अर्थ सुतार असा करतात, पण त्यात घरबांधणीचे काम करणारा कारागीरही येतो. नाझरेथ लहानसे खेडे. तिथून जेमतेम सहा किलोमीटरवर सेफोरिस हे शहर त्या काळात नव्याने उभे राहत होते. नाझरेथच्या कारागिरांना तिथे रोजंदारी मिळत असावी, असा अभ्यासकांचा कयास आहे. दुसऱ्या शतकातील ख्रिस्ती लेखक जस्टिन याने लिहून ठेवले आहे की येशू नांगर आणि जू बनवीत असत. ही कला त्यांनी कोणाकडून उचलली असेल, हे वेगळे सांगायला नको. पुढे लोक येशूंची ओळख 'सुताराचा मुलगा' अशीच करून देत, आणि त्यात कौतुकापेक्षा हिणवणे जास्त होते.

योसेफ यांचे शेवटचे दर्शन होते ते येशू बारा वर्षांचे असताना. वल्हांडण सणासाठी सारे यरुशलेमला गेले होते. परतीच्या वाटेवर मुलगा बरोबर नाही हे लक्षात आले. तीन दिवसांनी तो मंदिरात शास्त्री-पंडितांबरोबर चर्चा करताना सापडला. तुझे वडील आणि मी तुला शोधत होतो, असे आई व्याकूळ होऊन सांगते. मुलगा उत्तर देतो की मी माझ्या पित्याच्या घरी असणार, हे तुम्हाला ठाऊक नव्हते का? योसेफ यांच्या कानावर हे शब्द पडले तेव्हा त्यांना काय वाटले असेल? तीन दिवस अन्नपाणी गोड न लागता ज्याला शोधले, तो मुलगा दुसऱ्याच पित्याचे नाव घेतो. कोणताही सावत्र किंवा दत्तक बाप हा क्षण ओळखेल. योसेफ इथेही काही बोलत नाहीत. मुलाला घेऊन घरी परततात. मुलगा त्यांच्या आज्ञेत राहिला, एवढे लूक नोंदवतो. त्यानंतर ते कथेतून निघून जातात. क्रूसावरून येशू आईला एका शिष्याच्या हवाली करतात. त्यावरून योसेफ तोवर हयात नव्हते, असे बहुतेक ख्रिस्ती परंपरा मानतात.

कोपऱ्यातून वेदीवर

शुभवर्तमानांनी जिथे मौन पाळले, तिथे लोकपरंपरेने गोष्टी रचल्या. दुसऱ्या शतकातला 'याकोबाचे आद्य शुभवर्तमान' नावाचा एक ग्रंथ आहे. चर्चने तो बायबलमध्ये घेतला नाही, पण त्याचा प्रभाव मोठा. त्यात योसेफ वयस्कर विधुर आहेत, त्यांना पहिल्या लग्नाची मुले आहेत. मरियाचा सांभाळ कोणी करायचा हे ठरवताना प्रत्येकाची काठी घेतली जाते आणि योसेफ यांच्या काठीतून कबुतर बाहेर येते. पूर्वेकडची चर्च बहुतांशी हीच समजूत धरून आहेत. येशूंच्या भावांचा उल्लेख शुभवर्तमानात येतो, त्याचाही उलगडा त्यामुळे होतो. चौथ्या-पाचव्या शतकातले पंडित संत जेरोम यांना हे पटले नाही. ते भाऊ म्हणजे मावस-चुलत भावंडे, असे त्यांनी मांडले आणि पाश्चात्त्य चर्चने ते स्वीकारले.

मिसरमध्ये 'सुतार योसेफ यांचा इतिहास' हा आणखी एक ग्रंथ कॉप्टिक आणि अरबी भाषांत टिकून राहिला. त्यात स्वतः येशू जैतुनाच्या डोंगरावर शिष्यांना आपल्या पालनकर्त्याच्या मृत्यूची हकीकत सांगतात. योसेफ एकशे अकरा वर्षांचे होतात, हातपाय चालतात तोवर काम करतात आणि शेवटी मरणाच्या भीतीने कापतात. तेव्हा येशू त्यांच्याजवळ बसतात, त्यांचा हात धरतात. कॉप्टिक चर्च अबीब महिन्याच्या २६ तारखेला त्यांची पुण्यतिथी पाळते. ज्याने बाळाला अंगाखांद्यावर वाढवले, त्याच्या शेवटच्या घटकेला तेच मूल उशाशी होते, या कल्पनेतूनच योसेफ 'सुखी मरणाचे आश्रयदाते' ठरले. मरणपंथाला लागलेल्या माणसासाठी कॅथलिक घरांत आजही त्यांची प्रार्थना होते.

युरोपात त्यांना मान मिळायला मात्र फार वेळ लागला. येशूजन्माच्या जुन्या चित्रांत ते एका कोपऱ्यात, हनुवटीला हात लावून, बाजूला बसलेले दिसतात. पॅरिस विद्यापीठाचे कुलपती झां जेरसन यांनी १४१६ मध्ये कॉन्स्टन्सच्या धर्मपरिषदेत त्यांच्याविषयी प्रवचन दिले. योसेफ थकलेले म्हातारे नसून धडधाकट पुरुष असले पाहिजेत, असे त्यांचे म्हणणे होते. बाळबाळंतिणीला घेऊन मिसरपर्यंत जायचे तर अंगात ताकद हवीच. पोप सिक्स्टस चौथे यांनी १४७९ मध्ये १९ मार्चचा सण रोमच्या पंचांगात घातला. स्पेनमध्ये आविलाच्या संत तेरेसा यांनी १५६२ मध्ये आपला पहिला मठ योसेफ यांच्या नावाने काढला. त्याच देशातल्या मुरिलो या चित्रकाराने पुढे बाळाला जवळ घेतलेला तरुण बाप रंगवला. कोपऱ्यातला म्हातारा अशा रीतीने चित्राच्या मधोमध आला.

याच काळात ही कथा मराठीत उतरली. इंग्लंडहून १५७९ मध्ये गोव्यात आलेले फादर थॉमस स्टीफन्स यांनी ख्रिस्ताचे चरित्र ओवीबद्ध मराठीत लिहिले. हे 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले. संतांच्या ओवीवर वाढलेल्या कानांना बेथलेहेमची कथा त्याच चालीत ऐकायला मिळाली.

पुढचे टप्पे अलीकडचे. पोप पायस नववे यांनी ८ डिसेंबर १८७० रोजी योसेफ यांना संपूर्ण चर्चचे आश्रयदाते घोषित केले. पोप पायस बारावे यांनी १९५५ मध्ये १ मे, म्हणजे जागतिक कामगार दिन, 'कामगार संत योसेफ' यांचा सण ठरवला. दिवंगत पोप फ्रान्सिस यांच्या पोपपदाचा प्रारंभ १९ मार्च २०१३ च्या मिस्साने झाला. झोपलेल्या योसेफ यांची एक मूर्ती आपल्या टेबलावर असते आणि अडचण आली की ती चिठ्ठीवर लिहून आपण मूर्तीखाली ठेवतो, असे त्यांनी २०१५ मध्ये मनिला इथे सांगितले होते. कोविडच्या दिवसांत, ८ डिसेंबर २०२० रोजी त्यांनी योसेफ यांच्याविषयी पत्र काढले आणि पुढचे वर्ष त्यांच्या नावे केले. परिचारिका, सफाई कामगार, दुकानदार, वाहनचालक अशा नजरेआड राबणाऱ्या माणसांशी त्यांनी योसेफ यांचे नाते जोडले. मूल जन्माला घातल्याने कोणी बाप होत नाही, त्याची जबाबदारी उचलल्याने होतो, हा त्या पत्राचा गाभा.

सामान्य लोकांनी हा सण आपल्या पद्धतीने वाढवला. इटली, स्पेन, पोर्तुगाल या देशांत १९ मार्च हा वडिलांचा दिवस असतो. स्पेनच्या व्हॅलेन्सिया शहरात त्या रात्री लाकूड आणि कागदाच्या अजस्र प्रतिमांची होळी करतात. सुतारांनी हिवाळा संपताना दिव्यांची जुनी लाकडे जाळण्याच्या रिवाजातून ती निघाली, असे सांगतात. सिसिलीत 'योसेफ यांचे जेवण' मांडतात. गावातल्या गरिबांना आणि मुलांना पवित्र कुटुंब मानून पहिल्या पंगतीत बसवतात. उपवासकाळ असल्याने मांस नसते. शेवयांसारख्या पदार्थावर भाजलेल्या पावाचा चुरा भुरभुरतात. तो चुरा म्हणजे सुताराच्या रंध्याखालचा भुसा. इफ्तारच्या दस्तरखानावर वाटसरूला हाताला धरून बसवणाऱ्या मोहल्ल्याला या पंगतीची ओळख करून द्यावी लागणार नाही.

यूसुफ नज्जार

इस्लाममध्ये या सुताराचे स्थान काय, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. कुरआनात त्यांचे नाव नाही. कुरआनात नावाने उल्लेख झालेली एकमेव स्त्री म्हणजे हजरत मरियम. त्यांच्या नावाची स्वतंत्र सूरत आहे, आणि हजरत ईसा यांना पुन्हा पुन्हा 'इब्ने मरियम', मरियमपुत्र, म्हटले आहे. बापाविना जन्म मुसलमानही मानतात. मात्र ईसा हे अल्लाहचे पैगंबर, पुत्र नव्हेत, ही इस्लामची भूमिका आहे. हा फरक मूलभूत आहे आणि तो झाकून सलोखा होत नाही. फरक ठाऊक असूनही एकमेकांच्या अंगणात जाता येते.

कुरआनात मरियम यांच्या पालकत्वासाठी लेखण्या टाकून चिठ्ठ्यांसारखा कौल घेतल्याचा उल्लेख आहे. ती जबाबदारी हजरत जकरिया यांच्याकडे जाते. याकोबाच्या ग्रंथातील काठ्यांची गोष्ट इथे सहज आठवते. शिवाय तबरी, इब्ने कसीर यांच्यासारख्या भाष्यकारांनी 'यूसुफ नज्जार' यांची कथा नोंदवली आहे. नज्जार म्हणजे सुतार. हे मरियम यांचे नातलग, त्यांच्याबरोबर इबादतगाहची सेवा करणारे. गर्भाची चिन्हे दिसताच ते चक्रावले. मरियम यांची पाकदामनी त्यांना माहीत होती, आणि डोळ्यांना दिसत होते ते नाकारता येत नव्हते. त्यांनी आडून विचारले की बियाण्याशिवाय पीक येते का, बापाशिवाय मूल होते का? मरियम यांनी उत्तर दिले की पहिले पीक अल्लाहने बियाण्याशिवायच उगवले, आणि आदमला तर आई-बाप दोघेही नव्हते. यूसुफ यांना काय ते उमगले आणि त्यांनी विषय थांबवला.

दोन्ही परंपरांत या माणसाला शंका आली. दोन्हींत ती शंका चावडीवर गेली नाही. त्यांनी जिच्याविषयी शंका होती तिलाच विचारले, किंवा देवापुढे मन उघडे केले. भाष्यकारांचे सुतार आणि मत्तयाचे सुतार या जागी एकमेकांना भेटतात. कोणाच्या फोनमधल्या चित्रावरून, कोणाच्या येण्या-जाण्यावरून बायका-मुलींच्या चारित्र्याचा निकाल कट्ट्यावर लावणाऱ्या आपल्या काळाने या मौनापासून बरेच शिकण्यासारखे आहे. अब्रूच्या नावाखाली मुलींचे जीव घेणाऱ्या बाप-भावांच्या बातम्या सर्व धर्मांच्या घरांतून येतात. त्या घरांनी नीतिमान कोणाला म्हणायचे, हे पुन्हा एकदा तपासावे.

पालक म्हणजे कोण

दत्तक घेण्याबाबत इस्लामचे म्हणणे असे की मुलाला त्याच्या जन्मदात्याच्या नावानेच हाक मारावी, त्याची वंशओळख पुसू नये. याचा अर्थ अनेकांनी एवढाच घेतला की परक्याचे मूल घरी आणायचे नाही. अर्थ तो नव्हे. अनाथाची कफालत, म्हणजे त्याच्या पोषणाची आणि संगोपनाची जबाबदारी, हे फार मोठे पुण्य मानले आहे. अनाथाचा सांभाळ करणारा जन्नतमध्ये आपल्या इतका जवळ असेल, असे सांगताना पैगंबरांनी हाताची दोन बोटे दाखवली, ही हदीस लहानपणीच शिकवली जाते. पैगंबर स्वतः जन्मापूर्वीच पितृछत्र हरवलेले. आधी आजोबा अब्दुल मुत्तलिब आणि मग चुलते अबू तालिब यांनी त्यांना वाढवले. पुढे ते स्वतः दुसऱ्याच्या मुलांचे पालक झाले. उम्मे सलमा यांचा पहिल्या पतीपासूनचा मुलगा उमर त्यांच्या घरी वाढला. जेवताना त्याचा हात ताटभर फिरे. पैगंबरांनी त्याला समजावले की अल्लाहचे नाव घे, उजव्या हाताने खा, आपल्या समोरचे खा. दस्तरखानावर प्रत्येक मुसलमान मूल शिकते तो हा धडा मुळात एका सावत्र बापाने दिलेला आहे.

कायद्याच्या अंगानेही चित्र बदलले आहे. मुसलमान आणि ख्रिस्ती कुटुंबांना पूर्वी १८९० च्या पालक व पाल्य अधिनियमाखाली केवळ पालकत्व मिळे. ते मूल सज्ञान झाले की संपे. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१४ मध्ये शबनम हाश्मी यांच्या याचिकेवर निकाल देताना स्पष्ट केले की बालन्याय कायद्याखाली कोणत्याही धर्माची व्यक्ती मूल दत्तक घेऊ शकते. सक्ती कोणावर नाही, ज्याला हवा त्याला मार्ग खुला आहे. ज्याला धर्माच्या चौकटीत राहून कफालत करायची आहे, त्याच्यासाठी पालकत्वाची वाटही शिल्लक आहे. तेव्हा कायदा आडवा येतो, ही सबब आता उरलेली नाही. आडवी येते ती माणसांची जीभ.

विधवेशी किंवा घटस्फोटितेशी लग्न करून तिची मुले वाढवणारे पुरुष प्रत्येक मोहल्ल्यात, प्रत्येक आळीत आहेत. शाळेच्या पालकसभेला ते रजा टाकून जातात, तापात रात्रभर उशाशी बसतात, फी भरण्यासाठी जादा पाळी करतात. आणि वरात निघाली, मय्यत उठली किंवा वाटणीचा दिवस आला, की कोणीतरी हळूच म्हणते, 'तसा तो खरा बाप नाही.' मुलाच्या कानावर हे पडतेच. रमजानमध्ये जकातीचा हिशेब पै-पैचा होतो आणि तो व्हायलाच हवा. अनाथाश्रमात पाकीट पोहोचवले की ते कर्तव्य पुरे होते. पण ज्या भाच्याला, पुतण्याला, शेजाऱ्याच्या पोरक्या पोराला कोणी बोट धरून शाळेत न्यायला हवे आहे, त्याचे पोट पाकिटाने भरत नाही.

मराठीत जन्म देणारा तो जनक आणि वाढवणारा तो पालक. शाळेच्या अर्जावर सही मागतात ती पालकाची. ख्रिस्ती चर्चने एका सुताराला वेदीवर बसवले, ते याच एका सहीसाठी. मूल आपले नव्हते, हे त्या सुताराला सगळ्यांत आधी माहीत होते. तरीही त्याने नाव ठेवले, मिसरपर्यंत वाट तुडवली, रंधा मारायला शिकवला आणि हरवल्यावर तीन दिवस शोधले. आपल्या गल्लीत असा कोणी राहत असेल, तर यंदाच्या ईदला शिरखुर्म्याची पहिली वाटी त्याच्या घरी जावी. आणि ती नेऊन देताना त्याच्या मुलाला खऱ्या-खोट्या बापाविषयी काही विचारू नये. 'तुझे अब्बा घरी आहेत का,' एवढेच विचारावे.